पिकअपच्या पुढून आवाज येतोय? मूळ शोधायचं कसं

"पुढून खटखट वाजतंय, बघ जरा" एवढंच सांगून गाडी गॅरेजला लावली की पहिलं बोट शॉकअपवर जातं. शॉकअप डोळ्यांना दिसतो, बदलायला सोपा असतो आणि बिलही बरं होतं. दोन दिवसांनी खटखट पुन्हा सुरू. कारण आवाज शॉकअपचा नव्हताच. तो होता वीतभर लिंक रॉडचा, नाहीतर फाटलेल्या रबरी बुशचा (सांध्यात बसवलेल्या रबराच्या नळीचा), नाहीतर सीटमागे सैल पडलेल्या टामीचा, म्हणजे लोखंडी पहारीचा. पुढचे सगळे भाग एकाच चॅसीला जोडलेले असतात, त्यामुळे उजवीकडचा आवाज डावीकडे ऐकू येतो आणि खालचा वर केबिनमध्ये चढतो. म्हणून नुसत्या कानाच्या भरवशावर पार्ट बदलत सुटायचं नाही. आवाज कोणत्या परिस्थितीत येतो ते आधी पकडायचं, त्या परिस्थितीत कोणत्या भागावर जोर पडतो ते बघायचं, आणि हाताने हलवून खात्री पटली तरच पाना लावायचा.

ज्यांनी नुकतीच पिकअप घेतलीय, जॅक लावता येतो, पाना धरता येतो, पण गाडीखाली शिरल्यावर नक्की काय बघायचं ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुरुस्ती मेकॅनिककडून करून घेतलीत तरी हरकत नाही. "डाव्या बाजूचा खालचा बॉल जॉइंट हलतोय" असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला उगाच चार पार्ट बदलून देण्याची सोय राहत नाही.

आधी खाली वाकून बघा

पिकअप म्हटली तरी पुढचा सांगाडा सगळ्या गाड्यांचा सारखा नसतो. एका तऱ्हेत पुढे आडवा सरळ एक्सल आणि दोन्ही बाजूंना पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असतात, मागच्यासारखेच. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं: वर एक आर्म, खाली एक आर्म, त्यांच्या टोकांना बॉल जॉइंट (गोळा आणि वाटीचा, सगळीकडे फिरणारा सांधा), आणि भार उचलायला कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी). टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स यांना पुढे असे दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग आहे, पाटे फक्त मागे. एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलांतही फरक सापडतो, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. पुढच्या चाकामागून बॅटरीचा उजेड मारा. पाटे दिसले तर तुमचे संशयित शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी), यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) आणि किंग पिन (ज्या उभ्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती). आर्म दिसले तर बॉल जॉइंट, आर्मचे बुश आणि लिंक रॉड. स्टीअरिंगचे जॉइंट, बेअरिंग आणि ब्रेक दोन्हीकडे आहेतच.

आवाज कधी येतो ते लिहून काढा

ओळखीचा, कमी वर्दळीचा रस्ता निवडा. टेप बंद, पंखा बंद, काचा खाली. किल्लीला जुडगा असेल तर काढून ठेवा. डॅशबोर्डवर आपटणाऱ्या जुडग्याने भल्याभल्यांना फसवलंय. शेजारी कुणाला तरी बसवा आणि ऐकायचं, लिहायचं काम त्याला द्या. तुम्ही रस्त्याकडे बघा.

आधी सपाट डांबरी रस्त्यावर ४०-५० च्या वेगाने. आवाज आला तर गाडी न्यूट्रलला टाकून थोडी वाहू द्या. इंजिन बंद करायचं नाही, कारण ब्रेकचा आणि पॉवर स्टीअरिंगचा जोर इंजिनवर असतो, आणि हा प्रयोग उतारावर किंवा घाटात मुळीच नको. रेस कमी होताच आवाज बदलला तर तो इंजिन, बेल्ट किंवा माउंटिंगचा. चाकाच्या वेगाबरोबर चालू राहिला तर चाक, टायर किंवा बेअरिंगचा.

मग खडबडीत रस्त्यावर २० च्या वेगाने जा. खटखट सुरू झाली की ब्रेक पॅडलला पायाने नुसता हलका स्पर्श करा, वेग फारसा पडू न देता. आवाज तिथल्या तिथे थांबला तर वाजतंय ते ब्रेकचं पॅड किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), आणि सस्पेन्शन खोलायची गरज नाही. ही एवढीशी चाचणी फार कमी लोक करतात.

त्यानंतर स्पीडब्रेकर. एकदा दोन्ही पुढची चाकं बरोबर चढवा, एकदा गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवा. सरळ चढताना शांत आणि तिरक्यात टकटक, असं झालं तर संशय स्टॅबिलायझर बारच्या लिंक रॉडवर किंवा त्या बारच्या रबरांवर. हा आडवा बार दोन्ही पुढची चाकं एकमेकांना जोडतो, आणि त्याची टोकं लिंक रॉडने धरलेली असतात. दोन्ही चाकं बरोबर उचलली जातात तेव्हा तो बार नुसता फिरतो. एक वर आणि एक खाली झालं की त्याला पीळ बसतो आणि लिंक रॉडचे सैल जॉइंट बोलायला लागतात.

मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून हळू गोल मारा. शेवटी ब्रेक: पुढे जाताना दाबा, मग रिव्हर्समध्ये दाबा. पुढे जाताना एकदाच "ठक्" आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की पुन्हा एकदाच "ठक्", याचा अर्थ एखादी वस्तू पुढे-मागे सरकतेय. बहुधा खालच्या आर्मचा बुश किंवा कॅलिपर. पाट्यांच्या गाडीत शॅकल, पाट्याच्या डोळ्यातला बुश किंवा सैल यू-बोल्ट.

रिकाम्या आणि भरलेल्या गाडीतला फरकही नोंदवा. लासलगावला कांदा भरून जाताना गप्प असलेली गाडी परतताना खडखडते, हे नेहमीचं आहे: रिकाम्या पाट्यांमध्ये ताण कमी, शिवाय हौद्याचे कडी-कोयंडे, साखळ्या आणि फाळके मोकळे. उलट, माल भरल्यावरच खड्ड्यात "धप्प" असा दणका बसत असेल तर बंपस्टॉपचं रबर (खड्ड्यात शेवटचा दणका झेलणारा ठोकळा) तुटून पडलंय का, पाटा मोडलाय का, की मालच क्षमतेपेक्षा जास्त आहे, ते तपासा. तिसऱ्या कारणावर गॅरेजमध्ये इलाज नाही.

बाजू ठरत नसेल तर दोन फोन घ्या. एक डाव्या चाकाच्या वर, एक उजव्या चाकाच्या वर, बॉनेटच्या आत, फिरत्या आणि तापणाऱ्या भागांपासून लांब चिकटपट्टीने पक्का बांधा आणि रेकॉर्डिंग चालू करून त्याच खड्ड्यांवरून पाच मिनिटं फिरून या. नंतर दोन्ही ऐका. ज्या बाजूचा आवाज टोकदार आणि जवळचा वाटतो, ती बाजू आधी.

फुकटातले संशयित

जॅक बाहेर काढण्याआधी ही फेरी मारायचीच. बहुतेक जण ती टाळतात, कारण इतकी साधी गोष्ट असेल असं वाटत नाही.

सगळ्यात आधी चाकाचे नट. पंक्चर काढताना घाईत कसलेले नट सैल होतात. कमी वेगात चाकाच्या फेऱ्याबरोबर टकटक येते, आणि नटाभोवती गंजाची तांबूस रेघ किंवा चमकलेला धातू दिसतो. असं दिसलं तर गाडी पुढे न्यायची नाही. रिमची भोकं लांबुळकी झाली असतील तर ते रिम गेलं; नट कितीही आवळले तरी ते धरणार नाही. चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळायची सवय लावून घ्या.

मग बॉनेट. लॉक नीट बसतंय का, कडेची रबरं जागेवर आहेत का, बॅटरीचा क्लॅम्प घट्ट आहे का. सीटखालचा किंवा सीटमागचा जॅक, टामी, पान्यांची पिशवी. नंबर प्लेट, चिखलपट्ट्या, फेंडरच्या आतलं प्लॅस्टिक. सायलेन्सरवरचा पत्रा. हे सगळं मुठीने ठोकत जा. सैल वस्तू मुठीलाच कळते.

पुढे लोखंडी गार्ड लावलं असेल तर त्याचे बोल्ट तपासा, आणि खरं सांगायचं तर ते काढूनच टाका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं. आवाजही गेला, दंडाची भीतीही गेली.

केबिन चॅसीवर रबरी माउंटिंगवर बसलेली असते, हेही विसरू नका. ते रबर दबलं किंवा बोल्ट सैल झाला की खड्ड्यात पायाखालून "ढक" असा आवाज येतो आणि माणूस सस्पेन्शन खोलत बसतो. टामीने केबिन त्या जागी हळूच उचलून बघा.

गाडी जमिनीवर असतानाच स्टीअरिंग बघा

याला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू. एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, झटक्याने हलवायचं. पूर्ण वळवायचं नाही. दुसऱ्याने चाकाच्या बाजूने, चाकाच्या मार्गात हात न घालता, प्रत्येक जॉइंट बघायचा: टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा जॉइंट), ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सच्या आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा), स्टीअरिंग बॉक्समधून निघणारा आर्म. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा भाग क्षणभर उशिरा हलतो, तो जॉइंट गेला. बघून कळलं नाही तर इंजिन बंद करून, नुसत्या हाताने स्टीअरिंग हलवत जॉइंटवर बोटं टेकवा. आतली टक बोटांना लगेच लागते.

स्टीअरिंग बॉक्स चॅसीला धरणारे बोल्टही याच वेळी बघून घ्या. बॉक्सच हलत असेल तर बोल्ट आवळा, पण त्याआधी चॅसीला बारीक चीर गेलीय का ते फडक्याने पुसून नीट बघा. खडी किंवा विटा वाहणाऱ्या गाड्यांत ही चीर धुळीखाली दडून राहते.

टक हाताला, म्हणजे स्टीअरिंग व्हीलमध्ये जाणवत असेल आणि खाली सगळं घट्ट असेल, तर केबिनमधून खाली जाणाऱ्या स्टीअरिंग शाफ्टचा छोटा जॉइंट धरून पिळून बघा. स्टीअरिंग वळवताना येणारी "ऊंऽऽ" अशी कण्हणारी धून वेगळी. ती पॉवर स्टीअरिंगच्या ऑइलची. पातळी बघा, गळती बघा. किंचाळी असेल तर बेल्टची. स्टीअरिंग पूर्ण वळवून धरून ठेवायचं नाही, पंपावर जोर येतो.

जॅकवर घेताना

हौदा रिकामा करा. जमीन कडक हवी. शेतात किंवा ओल्या मुरमावर हे काम नको. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. जॅकने उचला आणि लगेच चॅसीखाली किंवा एक्सलखाली स्टँड लावा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही, क्षणभरही नाही. विटांची चवड हा स्टँड नव्हे. वीट फुटते तेव्हा सांगून फुटत नाही.

जॅक कुठे लावला यावर चाचणी खरी की खोटी हे ठरतं. आर्मवाल्या गाडीत ज्या आर्मवर स्प्रिंगचा भार आहे त्याचा बॉल जॉइंट गाडीचं वजन उचलतो. बहुतेक पिकअपमध्ये तो खालचा. चॅसी उचलून चाक लोंबकळत ठेवलं तर स्प्रिंगच त्या जॉइंटला दाबून धरते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. म्हणून या चाचणीसाठी जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावायचा, चाक जमिनीपासून दोन बोटं उचलायचं आणि चॅसीखाली स्टँड राखणीला ठेवायचा. आता टायरखाली टामी घालून चाक वर उचला आणि सोडा, डोळा बॉल जॉइंटवर. काही जॉइंटमध्ये कंपनीनेच थोडी हालचाल ठेवलेली असते, तिची मर्यादा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. "टक" असा आवाज आला किंवा रबरी टोपी फाटून आत माती गेली असेल तर वाद घालत बसू नका, जॉइंट बदला. हा निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी तिथेच बसते.

मग चाक वर आणि खाली धरा, घड्याळात १२ आणि ६ असतात तिथे, आणि आत-बाहेर हलवा. हलतंय? आता नवशिके इथेच अडकतात, कारण बेअरिंग सैल असलं तरी चाक हलतं आणि किंग पिन किंवा बॉल जॉइंट गेला तरी हलतं. जोडीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर चाक, हब आणि नकल (हब ज्यावर बसतो तो, चाकाबरोबर वळणारा लोखंडी तुकडा) एकमेकांना आवळले जातात. हालचाल नाहीशी झाली तर बेअरिंग. तशीच राहिली तर दोष नकलच्या पलीकडे, म्हणजे किंग पिनमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये. कुठे ते कळायला दोन भागांच्या फटीवर अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर असं आडवं ठेवा. हालचाल केसाएवढी असली तरी डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळते.

३ आणि ९ वर धरून हलवलं तर मुख्यतः टाय रॉड एंडचा सैलपणा सापडतो. दोन्ही दिशांना सारखंच हलत असेल तर पुन्हा बेअरिंगकडे वळा.

आर्मच्या बुशची तपासणी टामीने. आर्म आणि चॅसीच्या कंसामध्ये टामी अडकवून हळू रेटा. रबर थोडं दबणारच. पण लोखंड लोखंडाला लागत असेल किंवा रबर मधल्या नळीपासून सुटलं असेल तर बुश संपला. वरवरच्या बारीक भेगांवरून मात्र बुश बाद करू नका.

लिंक रॉड हाताने धरून जोरात हलवा. शंका राहिली तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड खालून सोडून, टोकं कशालाही लागणार नाहीत अशी तारेने बांधून, मोकळ्या रस्त्यावर अगदी हळू थोडं अंतर चालवून बघा. खटखट गायब झाली तर कारण हातात आलं. या अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, तेव्हा लगेच परत येऊन लिंक जोडायचे.

आणि शॉकअप? त्याच्या अंगावर ऑइल ओघळून धूळ चिकटलीय का, वरचं-खालचं रबर झिजलंय का, खालचा बोल्ट सैल आहे का, एवढं बघा. माझ्या मते शॉकअपच्या आतल्या बिघाडापेक्षा त्याची रबरं आणि बोल्ट जास्त वेळा वाजतात, आणि ती नुसती बदलता येतात. ज्या गाडीत शॉकअप आणि कॉइल स्प्रिंग एकत्र असते, ती जोडी घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर गोळीसारखी लागते.

पुढे पाटे असतील तर

पाट्यांची कुरकुर आणि खडखड या दोन वेगळ्या गोष्टी. कोरड्या पाट्यांची पानं एकमेकांवर घासून "कुईं कुईं" करतात. पावसात भिजली की गप्प, वाळली की पुन्हा सुरू. हे कानाला त्रासदायक असलं तरी धोक्याचं नाही. शॅकल पिनला ग्रीस निपल असेल तर आधी ते पुसून ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत. निपल चिखलाने बंद झालं असेल तर बदला, फार स्वस्तातलं काम आहे.

इथे एका जुन्या सवयीबद्दल बोलायला हवं. वॉशिंगला गाडी नेली की खालून जळकं ऑइल किंवा डिझेल मारून घ्यायचं, आवाज बंद. दोन दिवस होतोही. पण तेच ऑइल रबरी बुशवर बसतं, रबर फुगवतं, मऊ करतं, आणि सहा महिन्यांत फुकटची कुरकुर खर्चाची खटखट होते. ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर ब्रेकच लागत नाही. लोखंडाला लोखंड घासतंय तिथे ग्रीस, रबर आहे तिथे काही नाही. फार तर रबरासाठी चालणारा सिलिकॉनचा फवारा.

खडखड असेल तर पाट्यांना एकत्र धरणाऱ्या क्लिपा बघा. मोडल्या किंवा उघडल्या की पानं फडफडतात. मग यू-बोल्ट. सैल यू-बोल्टमध्ये पाटा एक्सलवर सरकतो आणि मधला सेंटर बोल्ट तुटतो. तो तुटला की एक्सल एका बाजूला मागे जातो आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक आला तर तो एक्सल सरकल्याचा पुरावा. मोडका पाटा बहुधा मधल्या बोल्टजवळ किंवा क्लिपेखाली मोडतो, त्यामुळे पटकन दिसत नाही. गाडी एका बाजूला झुकलेली असेल तर तिथे घासून बघा.

किंग पिनलाही ग्रीस लागतं. ग्रीस मारताना चाक उचललेलं असावं, म्हणजे भार निघून ग्रीस आतपर्यंत जातं. मळणी किंवा ऊस तोडणीच्या हंगामात धुळीत राबणाऱ्या गाडीला पुस्तकातल्या मुदतीची वाट बघू नका.

घरघर, घासणं, टिकटिक

वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर म्हणजे बेअरिंग किंवा टायर. दोन्हींत गल्लत फार होते. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो: सिमेंटवर एक, डांबरावर एक. टायरवरून तळहात फिरवा. उंच-सखल लागला तर टायर वेडावाकडा झिजलाय. पुढची चाकं मागे टाकून बघा, आवाजही मागे गेला तर टायरच. बेअरिंगची घरघर रस्ता कसलाही असला तरी तशीच राहते आणि वळणावर कमी-जास्त होते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. चाक उचलून एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर टेकवा, चाकापासून जपून. खराब बेअरिंगची बारीक थरथर स्प्रिंगमधून बोटांत येते.

बऱ्याच पिकअपना पुढच्या हबमध्ये टेपर बेअरिंग असतं आणि ते नटाने जुळवता येतं. म्हणजे सैल आहे म्हणून बदललंच पाहिजे असं नाही. साफ करून, नवीन ग्रीस भरून, पुस्तकात दिल्याप्रमाणे जुळवून चालतं. जास्त आवळलं तर मात्र तापून जळतं. जुळवल्यावर पाच-दहा किलोमीटर चालवून हबजवळ हात नेऊन बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार गरम लागला तर काहीतरी चुकलंय. नट फिरू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन नेहमी नवीन. काही गाड्यांत सबंध हबच सीलबंद येतो, तिथे जुळवाजुळव नाही, बदलणं आहे.

खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश "चर्रर्र" सुरू झालं तर घाबरू नका. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकला असेल. थोडं मागे-पुढे करून बघा. नाही निघाला तर चाक काढून पत्रा हलका बाहेर ओढा. ब्रेक लावल्यावर बारीक शीळ येत असेल तर पॅडची जाडी बघा, बऱ्याच पॅडना झिजल्यावर वाजणारी पट्टी असते. खरखरून लोखंड घासल्यासारखं येत असेल तर पॅडचा मसाला संपून पत्रा डिस्कला लागलाय. नवीन पॅड टाकल्यानंतर खडखड सुरू झाली असेल तर छोट्या स्प्रिंग क्लिपा परत बसवल्या का, ते विचारा. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं, साधं नाही.

फोर-बाय-फोर गाडीत पूर्ण वळणावर "टक-टक-टक" येत असेल तर सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा सांधा. त्याची रबरी टोपी फाटून ग्रीस रिमच्या आत उडालेलं दिसेल. साध्या, हाताने लावायच्या फोर-बाय-फोरमध्ये कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडून गचके देत असेल तर बिघाड नाही, फोर-व्हील चालू राहिलंय. ते चिखलासाठी आहे, टू-व्हीलवर आणा.

कशात गाडी जागेवरच उभी करायची

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये उघड हालचाल, सैल चाक, मोडलेला मेन पाटा (दोन्ही टोकांना डोळे असलेला, सगळ्यात लांब), ब्रेकमध्ये लोखंडाचा आवाज, चॅसीला चीर. यांत "एवढी खेप टाकून येतो" नाही. मेकॅनिकला जागेवर बोलवा किंवा गाडी उचलून न्या. लिंक रॉड, शॉकअपचं रबर, पाट्यांची कुरकुर यांना आठवडाभर थांबता येतं.

दुरुस्ती करून घेताना

एका वेळी एकच संशयित बदला आणि त्याच रस्त्यावर फिरवून बघा. तीन पार्ट एकदम बदलले तर आवाज जाईल, पण कशाने गेला ते कळणार नाही. बुश आणि लिंक रॉड मात्र डावं-उजवं जोडीने बदललेले बरे. जुने पार्ट परत मागा. हातात घेऊन बघितले की पुढच्या वेळी झिजलेला भाग ओळखता येतो.

आर्मचे किंवा पाट्याचे रबरी बुश बदलत असाल तर उभं राहून बघायची एक गोष्ट आहे: बोल्टचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी असताना मारला पाहिजे. चाकं लोंबकळत असताना बोल्ट कसले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली सोडताच त्याला कायमचा पीळ बसतो. असा नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष "डुप्लिकेट माला"वर जातो. घाईच्या गॅरेजमध्ये ही पायरी हमखास गाळली जाते, तेव्हा आधीच सांगून ठेवा. यू-बोल्ट बदलले किंवा सोडले असतील तर मालाची पहिली खेप झाल्यावर ते पुन्हा आवळायचे.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा आर्म बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजतील. आवळलेल्या प्रत्येक नटावरून शेजारच्या लोखंडापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. आठवड्याने खाली वाकून बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.